नवीन डबी उघडली की ग्रुप फाकतो: शिकाऊ एअर रायफलसाठी छर्रे कसे निवडावेत

"काका, मागच्या डबीपर्यंत सारे छर्रे काळ्या गोलात बसत होते, नवी उघडली अन् सगळं बिघडून राहिलं." नागपुरात १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्या पोरांकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून ही तक्रार थोड्याफार फरकाने सतत येते. शालेय स्पर्धा जवळ आल्या की जास्तच. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणल्यापासून या खेळाकडे वळलेली घरं वाढली आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे या खेळाची माहिती असलेलं घरातलं माणूस नसतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रायफल बदलायची का?

सहसा बदलायची नसते. मुलांच्या हातातली भारतीय बनावटीची ब्रेक बॅरल (नळी मधे वाकवून भरायची, स्प्रिंगवर चालणारी) रायफल किंवा क्लबची जुनी पीसीपी (टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) त्यांच्या सध्याच्या तयारीला पुरून उरते. गडबड असते ती रायफल आणि छर्रा यांची जोडी न जमण्यात, किंवा जोडी जमलेली असताना दुसऱ्याच कारणाचं खापर छर्र्यावर फोडण्यात. हे दोन्ही वेगळं कसं करायचं ते पुढे लिहितो आहे, कारण चुकीच्या निदानापायी पालकांचे पैसे जातात आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वासही जातो. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

आधी कार्ड वाचा

नवं कार्ड, म्हणजे कागदी निशाण, लावा. रायफल वाळूच्या पिशवीवर किंवा घट्ट गुंडाळलेल्या चादरीवर टेकवा आणि दहा छर्रे एकाच जागी नेम धरून मारा. मधे साईट, म्हणजे नेम धरायचं साधन, फिरवायची नाही. छिद्रं दहात बसली की आठात, याच्याशी आत्ता काही देणंघेणं नाही. ती एकमेकांपासून किती लांब आहेत आणि त्यांच्या पुंजक्याचा, म्हणजे ग्रुपचा, आकार कसा झाला आहे, एवढंच बघायचं.

ग्रुप घट्ट आहे, पण पूर्ण ग्रुपच डावीकडे किंवा खाली सरकला आहे? मग छर्रा चांगला आहे. नव्या डबीचं वजन किंवा बनावट वेगळी असेल तर छर्रे लागायची जागा थोडी सरकणारच. साईट जुळवा आणि पुढे चला. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपायला हव्यात. पण घरी ग्रुप न पाहता फक्त गुण मोजले जातात, म्हणून डबी बदनाम होते.

सात-आठ छिद्रं एकमेकांना चिकटलेली आणि एक-दोन भलतीकडे गेलेली असतील तर त्या भरकटलेल्या छर्र्यांचा घेर, म्हणजे मागची पातळ कड, दबलेली असण्याची शक्यता मोठी. दोन वेगळे पुंजके पडले तर साईट किंवा बटाचा (रायफलीच्या लाकडी भागाचा) स्क्रू सैल आहे का ते बघा. चारही बाजूंना सारखी विखुरलेली छिद्रं मात्र खरंच छर्रा नळीला न मानवल्याची खूण असते.

आडव्या पसरलेल्या छिद्रांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यात आपल्या गावाचा हात असतो. उन्हाळ्यात हॉलमध्ये किंवा घरच्या लांब खोलीत कूलर लावलेला असतो. कार्ड दोरीवर किंवा नुसत्या चिमट्याला लटकवलेलं असेल तर त्या झोताने ते हलतं. १० मीटरवरून ते हलताना दिसत नाही, पण कड्यांमधलं अंतरच २.५ मिमी आहे आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. कार्ड खालूनही चिमट्याने घट्ट करा किंवा कूलर बंद करून एक ग्रुप मारा. फरक पडला तर छर्र्यांवर खर्च करायची गरजच उरली नाही. फरक नसेल तर घोडा दाबताना बोट बाजूला ओढलं जातं का आणि रायफल कलते का, हे कोणाला तरी शेजारी उभं राहून बघायला सांगा.

स्क्रू, वॉशर, पकड

स्प्रिंगच्या रायफलीत प्रत्येक शॉटला पिस्टन धडकतो आणि त्या धक्क्याने स्क्रू हळूहळू सुटतात. बटाचे पुढचे दोन, घोड्याच्या संरक्षक कडीजवळचे आणि साईटचे स्क्रू योग्य मापाच्या पेचकसाने तपासा. गच्च पिळू नका, लाकूड चिरतं. ब्रेक बॅरलमध्ये नळी जिथे मिटते तिथला रबरी वॉशर बघा. त्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरून शॉट मारला आणि पट्टी फडफडली, तर तिथून हवा निसटते आहे. हा वॉशर स्वस्तात बदलून मिळतो.

आणि पकड. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की दर वेळी वेगळी उडते. पुढचा हात उघडा ठेवून तिला तळव्यावर नुसती विसावू द्यायची आणि दर वेळी त्याच जागी विसावू द्यायची. टेकूवर ठेवतानाही नळी थेट पिशवीवर टेकवायची नाही. एवढं झाल्याशिवाय केलेली छर्र्यांची तुलना निरर्थक असते, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. पीसीपीला धक्का फारसा नसल्याने ती ही चूक बरीच माफ करते.

वजन आणि वेग यांची चुकीची ओढ

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो वेगाचा. "सर्वात जोरात जाणारा द्या." दुसरा प्रश्न वजनाचा, कारण जड म्हणजे चांगला असा समज आहे. १० मीटरसाठी दोन्ही प्रश्न जवळजवळ बिनकामाचे आहेत.

हिशेब करून बघा. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेला छर्रा १० मीटर पार करेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण १७ मिमी खाली येतो. १८० ने सुटलेला साधारण १५ मिमी. म्हणजे वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडूनही उभा फरक जेमतेम २ मिमीचा, एका कड्याहून कमी. तुमच्या कार्डावर छिद्रांची उभी रेष १२-१५ मिमी लांब असेल तर ती केवळ वेगातल्या फरकाने आलेली नाही. श्वास, खांद्यावरचा बट आणि पुढच्या हाताची जागा तपासा. ऑलिंपिक स्तरावरच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफली ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंदानेच सोडतात. ही ऊर्जा आठ जूलच्या आसपास येते. जगातले सर्वोत्तम नेमबाज एवढ्यावर भागवतात, तर शिकणाऱ्याला अधिक कशाला हवं?

वजनाचं खरं महत्त्व सातत्यात आहे. एकाच डबीतले छर्रे एकसारख्या वजनाचे असले पाहिजेत, मग ते ०.४५ ग्रॅम असोत की ०.५३. ४.५ मिमीच्या मॅच छर्र्यांत ढोबळपणे दोन वजनं मिळतात: ०.४५ ते ०.४९ च्या आसपासची हलकी, जिच्या डबीवर बहुधा पिस्तूल लिहिलेलं असतं, आणि ०.५३ ची, जिच्यावर रायफल लिहिलेलं असतं. रायफलीत पिस्तुलाची डबी वापरू नये असा नियम नाही. कमी जोराच्या स्प्रिंग रायफलीत हलका छर्रा कित्येकदा जास्त छान बसतो. एखाद्या छर्र्याला तुमची रायफल काय उत्तर देते हे डबीवरच्या शब्दावरून कळत नाही, ते कार्डावरूनच कळतं.

नळी आणि गोळी यांच्या जोडीचं हे तत्त्व एअर रायफलीपुरतं नाही. अमेरिकेत ठासणीच्या रायफलीने शिकार करणाऱ्या नवख्यांनाही हेच आधी शिकवतात. नळीच्या आतल्या वळणदार आट्यांचा पीळ मंद असेल, म्हणजे ४८ ते ६६ इंचांत एक फेरा, तर चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी. पीळ २८ इंचांच्या आसपास असेल तर लांबट गोळी. बंदुकीची दारू वाढवली म्हणून ग्रुप सुधारत नाही, तिथेही. आपल्याकडे एअर रायफलींच्या पिळात एवढी तफावत नसते, त्यामुळे आपला सगळा खेळ उतरतो तो छर्र्याच्या डोक्याच्या व्यासावर.

खरा कळीचा आकडा: डोक्याचा व्यास

४.५ मिमी हे नाव झालं. चांगल्या डबीच्या झाकणावर किंवा बुडाशी चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा असतो. काही छर्रे ४.४८ आणि ४.५२ मध्येही मिळतात. छर्र्याचं डोकं नळीतल्या आट्यांवर टेकून सरळ चालतं आणि घेर मागून हवा अडवतो. डोकं लहान पडलं तर छर्रा नळीत किंचित डुगडुगतो आणि तिरका बाहेर पडतो. मोठं पडलं तर ओढला जातो, वेग मागेपुढे होतो, आणि डोकं सगळीकडे सारखं दबत नाही.

नवी डबी उघडल्यावर ग्रुप फाकला की बहुतेक वेळा उत्तर इथे सापडतं. कंपनी तीच, नाव तेच, रंग तोच, पण जुनी डबी ४.४९ ची होती आणि दुकानदाराने हाताला आली ती ४.५१ ची दिली. किंवा आकडाही तोच आहे, पण उत्पादनाचा लॉट वेगळा आहे. हाही फरक मॅच नळीत दिसतो. साध्या स्प्रिंग रायफलीत लॉटचा फरक कमी जाणवतो, व्यासाचा मात्र नक्की जाणवतो. सर्वात स्वस्त डब्यांवर व्यास लिहिलेलाच नसतो आणि आत सरमिसळ असू शकते. अशी डबी उभं राहायला, श्वास धरायला, घोडा दाबायला शिकताना चालेल. ग्रुपवरून निष्कर्ष काढायला नाही.

व्यास घरी मोजायला जाऊ नका. साध्या व्हर्नियरला ०.०१ मिमीचा फरक पकडता येत नाही आणि दोन जबड्यांत शिसं दबतं ते वेगळंच. त्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. ब्रेक बॅरल उघडून छर्रा अंगठ्याने बसवताना तो हलक्या, एकसारख्या दाबाने घेरापर्यंत आत जायला हवा. नुसता टाकला आणि आत घसरला तर सैल. नख लावून रेटावा लागला तर घट्ट. हे करताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायचीच. उघडी नळी घोडा सुटून झटक्यात मिटली तर अंगठा तुटू शकतो. यात सवलत नाही, मोठ्यांनाही नाही.

आकाराचा मुद्दा सोपा आहे: कार्डावर मारायचं तर सपाट डोक्याचाच छर्रा. तो कागदात गोल, स्वच्छ छिद्र पाडतो आणि गुण वाचता येतो. गोल डोक्याचा कागद फाडतो. टोकदार घेऊच नका.

तुलना करताना

तीन-चार डब्या पुरतात. एक ०.५३ ची ४.४९ मध्ये, तीच ४.५० मध्ये, एक हलकी, आणि सध्या वापरता ती. आर.डब्ल्यू.एस. ची माइस्टरकुगेल्न दोन्ही वजनांत येते. त्याच कंपनीची हॉबी ०.४५ ची आहे आणि शिकाऊ रायफलीसाठी मला ती फार आवडते. क्लबमध्ये कोणाकडे त्यांचीच आर-१० किंवा एच अँड एन कंपनीची फिनाले मॅच ही डबी असेल तर दहा-पंधरा छर्रे मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही. अख्खी डबी विकत घेण्याआधी असे मागूनच बघावेत.

डबी बदलली की पहिले पंधरा-वीस छर्रे मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, तो नव्याशी जुळायला वेळ घेतो. मग प्रत्येक प्रकाराचे दहाचे दोन ग्रुप, आलटून पालटून. आधी एकाचे सगळे आणि मग दुसऱ्याचे सगळे असं केलं तर शेवटच्या डबीच्या वाट्याला दमलेला हात येतो. पाचचा ग्रुप बघून खूश होऊ नका, पाच छर्रे नशिबानेही जवळ पडतात.

मोजायची सोपी रीत: सर्वात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. समजा एका डबीचे दोन ग्रुप ९ आणि १० मिमी आले, दुसरीचे ७ आणि १४. मी पहिली घेईन. एकदाच घट्ट आलेल्या ग्रुपपेक्षा दर वेळी सारखा येणारा ग्रुप शिकणाऱ्याला खरं सांगतो: चूक माझी की छर्र्याची. टेकूवरून साध्या स्प्रिंग रायफलीने १० मिमीच्या आसपास ग्रुप दिला तर शोध थांबवा. शालेय ओपन साईट गटासाठी तेवढं पुरे आहे, पुढची सुधारणा मुलाच्या बैठकीतून येणार.

साठवण, आणि आपला उन्हाळा

शिसं मऊ असतं. डबी एकदा फरशीवर पडली की घेर दबलेले छर्रे वेगळे काढावेच लागतात. छर्रे डबीत खळखळत नेऊ नका, वरून फोमचा तुकडा ठेवून झाकण लावा. प्रत्येक छर्रा भरण्याआधी घेराकडे एक नजर, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पावसाळ्यात, आणि कूलरच्या ओलाव्यात, छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते. लाकडी कपाटात ठेवलेल्या डब्यांत ती लवकर धरते, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून लोखंडी कपाटात ठेवा. भुकटी आलेले छर्रे पुसून वापरू नका. ती भुकटी विषारी आहे. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, रेंजवर काही खायचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे पालकांनीच बघायला हवं.

छर्र्यांना तेल लावायचा सल्ला कोणी दिला तर स्प्रिंग रायफलीच्या बाबतीत तो मानू नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटतं. जोरात फटाका वाजतो, जळका वास येतो, क्वचित धूर दिसतो, आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने जातो. ग्रुप अचानक उभा फाकला आणि वासही येत असेल तर कारण सापडलं. जास्तीचं तेल पुसून काढा.

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत रायफल ठेवू नका. ग्रीस पातळ होऊन पुढे सरकतं. पीसीपीची भरलेली टाकी तर मुळीच नाही. २०० बारला भरलेली टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली की दाब २२० च्या पुढे जातो.

एक गोष्ट निवडीच्याही आधीची

"शिकारीला कोणता छर्रा चालेल?" हा प्रश्नही येतो. पेंच आणि ताडोबा आपल्या अंगणात आहेत, म्हणून उत्तर स्पष्ट देतो: कोणताही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीला बंदी आहे आणि झाडावरचं पाखरूही वन्यजीवच आहे. ४.५ मिमीपर्यंतची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नव्हे. गच्चीवर सराव नको. चुकलेला छर्रा शेकडो मीटर जातो आणि महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीत तर पलीकडची गच्ची हाताच्या अंतरावर असते. बंद खोली, मागे छर्रे अडवणारा लोखंडी ट्रॅप, आणि दाराला आतून कडी.

सगळं करूनही ग्रुप फाकतोच

स्क्रू घट्ट आहेत, वॉशर ठीक आहे, पकड सुधारली, चार प्रकारचे छर्रे मारून झाले आणि चारही सारखेच विखुरतात. आता छर्रे घेणं थांबवा आणि नळीच्या तोंडाकडे वळा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, स्प्रिंग न ताणता, तोंडाच्या आतल्या कडेवरून कापसाची काडी हळूच गोल फिरवा. कुठे कापसाचा धागा अडकून निघाला तर तिथे ओरखडा किंवा टोचणारी कड आहे, आणि बाहेर पडणारा प्रत्येक छर्रा तिथे धक्का खाऊन तिरका होतो. रायफल पडली किंवा सफाईची सळई पुढून घातली की असं होतं. घरी कानस लावू नका. चांगल्या गनस्मिथकडे ते तोंड नव्याने कापून मिळतं. ते झालं की आधी नापास केलेल्या चारही डब्या पुन्हा एकदा मारून बघा, त्यातली एखादी आता नक्की वेगळं उत्तर देईल. ती सापडली की झाकणावर मार्करने व्यास आणि लॉट क्रमांक लिहा आणि त्याच लॉटच्या आणखी डब्या दुकानात उरल्या असतील तर हंगामापुरत्या उचलून ठेवा.